इंदूताईचे मांगूर आणि आमची हळद

आमची इंदूताई माणसाला आधी हुंगते आणि मग ओळखते. तिच्या फाटकाशी उभं राहायचं, मान जरा पुढे करायची. ती कॉलरपाशी नाक आणते, डोळे मिटते आणि निकाल देते. "खोबरेल. वर पावडर. शिवाय जीपमध्ये कुणा अत्तरवाल्याला चिकटून बसलायस. जा, नळावर जा." मी तिचा सख्खा धाकटा भाऊ. पन्नाशी ओलांडली, डोक्यावर केस नावापुरते उरले. पण त्या नावापुरत्या केसांना लावलेलं तेलसुद्धा तिला फाटकातून कळतं आणि तिथूनच तिचा आवाज चढतो. "अरे बाळ्या, नाक आहे की नुसती भोकं?"

हा प्रश्न तिने सरपंचांना विचारलाय, पोस्टमनला विचारलाय, मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला हार घातलेल्या अवस्थेत विचारलाय. उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

आमचं गाव मुरबाडकडे, वैशाखऱ्याच्या बाजूला, माळशेजच्या रस्त्याला लागून. रस्त्यावरून वर चढलं की आधी ताईचं आवार लागतं, त्याच्या वरच्या अंगाला आमचं घर. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आधी ताईच्या नाकाखालून जातो. माझ्या मुलीच्या, प्राजूच्या, लग्नाची बोलणी करायला शहापूरहून व्याही आले तेव्हा तेही गेले. पांढरे शुभ्र कपडे, मनगटावर अत्तर. ताईने त्यांना फाटकाशी अडवलं, हुंगलं. "मोगरा. तंबाखू. आणि दाढी घाईत केलीत. नळ तिकडे आहे."

त्या बिचाऱ्यांना वाटलं, मुरबाडकडची रीत असेल. मुलीच्या दारात जाण्याआधी नळावर शुद्ध व्हायचं असेल. सगळे ओळीने धुऊन आले. बायकांनी गजरे काढून पिशवीत ठेवले. नवऱ्या मुलाच्या मामांनी तर हळूच विचारलं म्हणे, "आधी उजवा हात, का डावा?" ओल्या केसांची ती वरात आमच्या ओटीवर येऊन बसली तेव्हा मला काहीच उलगडेना. पुढे आम्ही शहापूरला गेलो, तर व्याह्यांनी आमच्या रीतीचा मान राखला. चहाच्या आधी आम्हा सगळ्यांना घराबाहेरच्या नळावर नेलं आणि स्वतः तांब्या धरून उभे राहिले. मी मुकाट्याने तोंड धुतलं. काय सांगणार?

ताई डॉक्टर आहे, पण औषधाची नाही. हे गावाला पटवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. "मी माशांची डॉक्टर आहे हो," असं ती सांगायची, त्यावर खालच्या आळीतला एक म्हातारा शांतपणे बोलला, "मंग आमची म्हस तरी बघा." मुंबईकडच्या एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवत होती. माशांच्या वासावर तिने डॉक्टरेट मिळवली. नोकरी सोडून गावी परतली, वडिलांचा रिकामा गोठा पाडला, तिथे सिमेंटच्या टाक्या बांधल्या, वर पत्रे टाकले आणि आत मांगूर सोडले.

मांगूर म्हणजे आपल्या भातखाचरातला मिशावाला मासा. चिखलात राहतो, दिसायला माझ्यासारखाच. पूर्वी लावणीच्या दिवसांत बांधाबांधाला सापडायचा, आता शोधावा लागतो. बाजारात त्याच नावाने परदेशी, दांडगे मांगूर विकायला येतात. एकदा मी ताईला खूश करावं म्हणून मुरबाडच्या बाजारातून तसा एक घेऊन आलो. तो मासा कुठे गेला ते मला आजतागायत माहीत नाही. पिशवी मात्र माझ्या डोक्यावरून उडत गेलेली आठवते.

या आपल्या मांगुराची गंमत अशी की टाकीत ठेवला तर मादी अंडी घालायला तयार होत नाही. मग मत्स्यबीजवाले तिला इंजेक्शन देतात. इंजेक्शन हा शब्द ताईसमोर काढायचा नाही. "तिच्या मनात नाही म्हणून सुई टोचायची? अक्कल विकून खाल्लीय सगळ्यांनी!" तिचं म्हणणं, नर पाण्यात एक वास सोडतो. तो वास म्हणजे निरोप. मादीला तो पोचला, नीट पोचला, तर सुईची गरज नाही. पण पोचणार कसा? "आमी काय करतो? पाण्यात साबण सोडतो, पावडरी सोडतो, निर्माल्य सोडतो. दोन जीव बोलतायत आणि आमी मधे उभं राहून पत्र्याचे डबे वाजवतो!" राग आला की ताईची कॉलेजातली भाषा गळून पडते आणि 'आमी-तुमी' बाहेर येतं. म्हणजे ती दिवसभर गावच्याच भाषेत बोलते.

डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने आधी आमच्या दारातल्या दगडी कुंडीत पडतं आणि तिथून ताईच्या टाक्यांना जातं. त्यामुळे कुंडी आमची, हुकूम तिचा. मी भातसानगरला धरणावर नोकरीला आहे. अख्ख्या मुंबईला पाणी सोडण्यात माझाही खारीचा वाटा आहे असं मी लोकांना सांगतो. घरी आलो की स्वतःच्या दारातल्या कुंडीत बोट बुडवायची परवानगी नाही.

एकदा ताईने मला प्रयोग दाखवला. आधी अर्थात नळावर पाठवलं. मग नराच्या टाकीतलं मगभर पाणी घेतलं आणि मादीच्या टाकीत एका कोपऱ्यात हळूच सोडलं. मादी तळाशी लपायला ठेवलेल्या कौलाखाली पडून होती. तिच्या मिशा ताठ झाल्या. बाहेर आली, टाकीभर फिरली आणि नेमकी त्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला तोंड लावून उभी राहिली. नर भिंतीपलीकडे, दुसऱ्याच टाकीत. तिने त्याला पाहिलेलंही नव्हतं.

"बघ," ताई बोलली. एवढंच. ओरडली नाही.

मी आपला नेहमीसारखा बोललो, "म्हणजे पत्रिका जुळली!"

तिने माझ्याकडे पाहिलं, चमच्याच्या टोकाने डब्यातली जराशी हळद मगात उरलेल्या पाण्यात कालवली आणि ते पाणी त्याच कोपऱ्यात ओतलं. मादी गोंधळली, गरकन वळली, कौलाखाली गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. "आता हस," ताई बोलली. "जुळलेली मोडायला एवढं पुरतं."

इतकी वर्षं तिचा प्रयोग इथपर्यंतच येऊन थांबत होता. मादी भिंतीशी यायची, पण अंड्यांनी भरायची नाही. यंदा पहिल्यांदा एक मादी भरली. ताई रोज तिच्या पोटाला हात लावून बघायची आणि आम्हाला रोज जास्त शिव्या घालायची, त्यावरून प्रगती चांगली आहे हे कळायचं. आणि नेमक्या त्याच दिवसांत प्राजूच्या लग्नाचा मुहूर्त निघाला.

आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला कुणी चुकला तर चालतं, हळदीला चुकला तर सात पिढ्यांचा हिशोब निघतो. मांडव दारात, म्हणजे कुंडीच्या शेजारी. शेकडो माणसं, शेकडो हात, सगळे पिवळे आणि सगळे कुंडीकडे निघालेले. ताईला हे सांगायला कोण जाणार यावर घरात चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे मी गेलो.

"हळद?" ताई किंचाळली. "माझ्या मादीच्या डोक्यावर?"

"मांडव मागच्या बाजूला घालतो, ताई."

"उतार कुठे आहे बघितलास? नाक तर नाही, डोळेपण गेले का?"

मी घरी आलो, विचार केला, परत गेलो. "कुंडीवर झाकण घालतो. हात धुवायला टँकर मागवतो."

"आणि तो ढोलताशा? टाक्या हादरतात!"

परत घरी, परत खाली. "वाजंत्री रस्त्यापाशीच थांबवतो."

"आणि धूर? आणि अत्तरं?"

शेवटी मी जाहीर केलं की हळद आपल्या दारात नाहीच, मुरबाडला हॉल घेतो. मला वाटलं, आता तरी ती मऊ होईल. ताई लालबुंद झाली. "हॉलात? आपल्या मुलीची हळद परक्या हॉलात? लाज नाय वाटत? आईबापांनी बांधलेलं दार काय ओसाड पडलंय?" आणि फाटक माझ्या नाकावर आपटलं.

आता मला राग आला. माझा राग तसा लहान असतो, जेवणाच्या आत निवतो. पण त्या दिवशी मी जेवणानंतरही चिडलेलाच होतो. जी जी अडचण सांगितली ती ती मी दूर केली आणि दर वेळी ही बाई आणखी भडकली. मी बायकोला म्हणालो, "हिरा, तिला येऊ दे नाहीतर नको येऊ दे. माशांच्या लग्नात बसू दे तिला."

तेवढ्यात प्राजू बाहेर आली. "आत्या नसली तर मी पाटावर बसणार नाय," बोलली आणि आत गेली. दार लावून घेतलं. तिच्या आत्याचाच स्वभाव, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर भावकीतल्या बायका जमल्या. हळद कुणी लावायची ते ठरत होतं. आमच्या चुलतकाकी मधोमध बसलेल्या. त्या जिथे बसतील तेच मधोमध असतं. पाच सवाशिणी ठरल्या, कलश धरायला करवली ठरली. हिराने विचारलं, "आणि इंदूताई?"

"तिला कुठं बसवतेस गो?" काकी बोलल्या. "सवाशीण नाय, करवलीचं वय नाय. पाहुण्यांत बसवू, चांगली खुर्ची देऊ. तसंही तिला हळदीचा वास सोसत नाय. आपण कशाला त्रास द्यायचा?"

सगळ्या बायकांनी मान डोलावली. मीही डोलावली, खुर्चीची कल्पना मला तर फारच आवडली. तेवढ्यात माझं लक्ष पायरीकडे गेलं. ताई तिथे उभी होती, हातात पाइपाचा तुटलेला तुकडा. भांडायलाच आली असणार. पण न भांडता वळली आणि खाली निघून गेली.

"बघितलंस?" मी हिराला म्हणालो. "उदबत्ती लावलीत ना, तिच्या वासाने गेली. विझवा आधी ती."

हिराने माझ्याकडे असं पाहिलं की मला एकदम ताईच्या त्या नाकाच्या प्रश्नाची आठवण झाली. "अहो," ती बोलली, "तुम्ही रोज तिला मांडव सांगताय, टँकर सांगताय, हॉल सांगताय. हळद लावायला ये, असं एकदा तरी बोललात?"

मी नव्हतो बोललो. कुणीच नव्हतं बोललं. ताईने लग्न केलं नाही, आणि लग्न न केलेल्या बाईला वय झाल्यावर मांडवात कुठे उभं करायचं हे आमच्या रीतीत कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही. माझ्या लग्नात ती करवली होती. त्यानंतर भावकीत कितीतरी हळदी झाल्या आणि प्रत्येक हळदीच्या आधी ताईला काहीतरी महत्त्वाचं काम निघालं. आम्ही म्हणायचो, तिला नाही आवडत. ती म्हणायची, मला नाही आवडत. सगळ्यांचं छान जमून गेलं होतं.

संध्याकाळी मी आणि प्राजू खाली गेलो. ताई टाकीत हात घालून मादीचं पोट तपासत होती. मागे न बघता ओरडली, "नळावर!" आम्ही दोघांनी हातपाय धुतले. प्राजू ओल्या हातांनीच तिच्यासमोर उभी राहिली.

"आत्या, पहिली हळद तू लावायची."

ताईने हात बाहेर काढला. "कुणी शिकवलं तुला हे? या बाळ्याने? दया आली वाटतं सगळ्यांना?"

"दया कसली? माझी हळद आहे, मी सांगते."

"रीत माहीत आहे? सवाशीण लागते. ती तुझी काकीआजी मांडव डोक्यावर घेईल."

"तुझ्या मांगुरांना कुठं लागते सवाशीण?"

ताईचा ओठ हलला. हसू येत होतं की रडू, मला कळलं नाही. बहुतेक शिवी येत होती. "बोलायला चुरूचुरू शिकलीय. तुला कळतंय का काय मागतेस? ही मादी दोन-चार दिवसांत तयार होईल. तेव्हा मला टाकीत हात घालावा लागतो. हळद एकदा हाताला लागली की नखांतून कित्येक दिवस जात नाय. तोवर हिचा हंगाम निघून जाईल. पुढची मादी भरेल का, मला माहीत नाय. मी काय आता कॉलेजातली पोरगी आहे?"

"रबरी मोजे घाल ना," मी तोडगा काढला.

"रबराला वास नाय? धरणावर काय झोपा काढतोस का रे तू?" आणि तिने आम्हा दोघांना फाटकाबाहेर काढलं. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही.

हळद शेवटी दारातच ठरली, कुंडीवर झाकण घालून आणि टँकर मागवून. हळदीच्या दिवशी दुपार कलली तरी ताईचा पत्ता नव्हता. प्राजू पाटावर बसेना. हळदीचं पातेलं तसंच पाटापुढे. काकी म्हणाल्या, "किती खोळंबायचं? ती नाय यायची. आणि आली तरी तिचा हात पहिला कसा चालेल? पोरीच्या संसाराला काय..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही, कारण मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा असा ओरडलो की वाजंत्रीवाला रस्त्यावर थांबला. "काकी, त्या पोरीला तिच्या आत्याने अंगाखांद्यावर खेळवलंय! शाळेत असताना तापाने फणफणली तेव्हा मुंबईहून धावत येऊन तिच्या उशाशी बसली ती कोण होती? तेव्हा कुणी विचारलं होतं का, ही सवाशीण आहे का करवली? तेव्हा चालला ना तिचा हात!" माझा आवाज शेवटी शेवटी चिरकला, त्यामुळे जो परिणाम व्हायला हवा होता तो तितकासा झाला नाही. पण काकी पाटापासून दोन पावलं मागे सरकल्या.

"ओरडतोस कशाला रे?" मागून आवाज आला. "खालपर्यंत ऐकू येतंय."

ताई आली होती. इस्त्रीची सुती साडी, विंचरलेले केस. मांडवात शिरता शिरता तिने वाटेतल्या सगळ्यांना झोडपलं. याचं अत्तर, तिचा गजरा, मंडपवाल्याच्या ताडपत्रीचा वास. काकींच्या समोर थांबली. आता काकींना काय ऐकवते म्हणून सगळे माना उंचावून बघू लागले. ताईने वाकून काकींच्या पायांना हात लावला आणि पुढे गेली.

प्राजू पाटावर बसली. आमच्याकडे हळद आंब्याच्या पानाने लावतात, पान पातेल्यात बुडवायचं आणि पायांना, गुडघ्यांना, गालांना टेकवायचं. हिराने मुद्दाम लांब देठाचं पान निवडून ठेवलं होतं. तेवढा हात बचावला तर बचावला. तिने ते ताईपुढे धरलं.

ताईने पान घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि बाजूला टाकलं. "हे कशाला? मला काय हात नायत?"

आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पातेल्यात घातले. पिवळे झालेले ते हात तिने प्राजूच्या गालांवर ठेवले आणि ठेवलेच. लग्नाचे धवले गाणाऱ्या बायकांनी सूर चढवला. "सरळ बस," ताई पोरीवर खेकसली. "पोक काढून बसते. उद्या फोटोत असंच दिसेल."

मादी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तयार झाली. ताई टाक्यांच्या दाराबाहेर दगडावर बसली, आत हळदीला हात न लावलेला मी. तिथून ती ओरडत होती आणि मी करत होतो. "हळू! कोपऱ्यात! कौल हलवू नकोस! गाढवा, तो डावा कोपरा आहे का?" मी जमेल तसं सगळं केलं. मादी मिशा उभारून आली, अर्ध्यावर थांबली, माझ्या धडपडीला घाबरली आणि परत गेली. पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. असं करत करत तिचे दिवस सरले. यंदा झालं नाही. यानंतर ताईने मला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. भातसाच्या अख्ख्या पाण्यात मला बुडवून काढलं तरी उपयोग नाही, हा त्यातल्या त्यात सौम्य भाग.

प्राजू सासरी गेल्यावर काही दिवसांनी एका सकाळी हिरा लिंबू आणि बेसन घेऊन खाली गेली. मी फाटकाशी उभा. ताई त्याच दगडावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. हळद फिकट झाली होती, पण नखांच्या कडांना होती.

"द्या हात, ताई," हिरा बोलली. "चोळून काढते, लगेच जाईल."

"काय गो, तुला दुसरी कामं नायत का?" ताई कडाडली आणि हात पदराखाली घेतले. "राहू दे. आपोआप जाईल तेव्हा जाईल."